परमुलखातलं वृत्तपत्र आणि मायदेशाचा हात

एकाच वृत्तपत्रामागे दोन सरकारं लागली आणि दोन्ही वेळा तक्रार एकच होती: हे लोक लांब बसून नको ते छापतात. सॅन फ्रान्सिस्कोतल्या कोरियन मजुरांच्या ‘गोंग्निप सिन्बो’चे अंक १९०८ साली कोरियात पोहोचले की जप्त होत. जप्त करणारी राजवट जपानी होती, तेव्हा त्यात नवल काही नाही. पण १९७०च्या दशकात त्याच पत्राचा वारस ‘सिन्हान मिन्बो’ लॉस एंजेलिसहून निघत होता, आणि तेव्हा त्याचे जाहिरातदार फोडणारी माणसं होती स्वतंत्र दक्षिण कोरियाच्या गुप्तचर खात्याची. ज्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी हे पत्र जन्मभर झिजलं, त्या देशाला ते स्वतंत्र झाल्यावर नकोसं झालं.

स्थलांतरितांच्या भाषेतल्या वृत्तपत्रांबद्दल बोलताना आपण बहुधा संस्कृतीबद्दल बोलतो. पुढची पिढी वाचेल का, भाषा टिकेल का, सण कसे साजरे होतील. मला हे प्रश्न दुय्यम वाटतात. पहिला प्रश्न पैशाचा आहे. असं वृत्तपत्र कोणाच्या पैशावर चालावं? माझं उत्तर असं की मायदेशाच्या पैशावर तर नाहीच. वाचकांची वर्गणी आणि गल्लीतल्या दुकानांच्या जाहिराती हा त्याचा पाया. त्याच्या जोडीला ज्या शहरात ते वाचलं जातं त्या शहराच्या सार्वजनिक जाहिराती असाव्यात, आणि त्या मेहेरबानीने नव्हे, नियमाने मिळाव्यात. अमेरिकेतल्या कोरियन पत्रांचा सव्वाशे वर्षांचा प्रवास पाहिला की मला हेच दिसतं.

१३ जानेवारी १९०३ रोजी ‘गेलिक’ नावाच्या बोटीतून १०२ कोरियन माणसं होनोलुलूला उतरली. ती उसाच्या मळ्यांत राबायला आली होती. पुढच्या दोन-अडीच वर्षांत अशी सुमारे सात हजार माणसं हवाईत आली आणि मग दार बंद झालं. त्यांतले काही जण जास्त मजुरीसाठी अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेले. १९०७ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ती वाटही आदेश काढून बंद केली. त्यामुळे कॅलिफोर्नियातली कोरियन वस्ती हजार-दोन हजारांच्या पुढे गेली नाही. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम गावाएवढी ही लोकसंख्या, तीही संत्र्यांच्या बागांत, रेल्वेच्या कामांवर आणि लोकांच्या घरच्या स्वयंपाकघरांत विखुरलेली.

एवढ्याशा वस्तीला वृत्तपत्र परवडतं का? हिशेबाने परवडत नाही. पण कोरियन स्वातंत्र्यचळवळीतले नेते आन चांग-हो यांनी १९०५ साली परस्पर साहाय्याची संघटना उभी केली आणि त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला ‘गोंग्निप सिन्बो’चा पहिला अंक निघाला. पाचच दिवस आधी सोलमध्ये कोरियावर संरक्षित राज्याचा करार लादला गेला होता आणि परराष्ट्र व्यवहार जपानच्या हाती गेले होते. पुढच्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला, आगी लागल्या, शहर बेचिराख झालं. पत्र तरी चालू राहिलं. सुरुवातीचे अंक हाताने लिहून शिळाप्रेसवर काढलेले होते, कारण कोरियन लिपीचे खिळे अमेरिकेत मिळणार कुठे?

मार्च १९०८ मध्ये डरहॅम स्टीव्हन्स सॅन फ्रान्सिस्कोत उतरला. कोरियन सरकारचा सल्लागार म्हणून जपानने नेमलेला हा अमेरिकन माणूस. जपानी अंमल कोरियाच्या भल्याचाच आहे, असं त्याने तिथल्या वृत्तपत्रांना सांगितलं. कोरियन मंडळी त्याला हॉटेलात जाऊन भेटली आणि शब्द मागे घ्या म्हणाली. त्याने नकार दिला, तेव्हा खुर्च्या उचलल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी, २३ मार्चला, फेरी बिल्डिंगपाशी जॉन म्योंग-उन आणि जांग इन-ह्वान यांनी त्याच्यावर हल्ला केला. जांगच्या गोळ्यांनी तो दोन दिवसांनी मेला. ‘गोंग्निप सिन्बो’ने हे प्रकरण पानंच्या पानं लावून धरलं, खटल्यासाठी वर्गणी मागितली. एप्रिलमध्ये सोलमधल्या वृत्तपत्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि परदेशात कोरियन भाषेत छापलेली पत्रंही जप्त करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. याच वर्षी जूनमध्ये आपल्याकडेही वृत्तपत्रांचे छापखाने जप्त करण्याचा कायदा आला आणि जुलैत टिळक मंडालेच्या वाटेला लागले. साम्राज्यं दोन, पण औषध एकच.

राजकीय हत्येचं समर्थन करणारं पत्र म्हणून कोणी नाक मुरडलं तर मी वाद घालणार नाही. पण या पत्राचं मोठं काम गोळीबाराच्या बातमीत नव्हतं, ते इतर पानांवर होतं. १ फेब्रुवारी १९०९ ला हवाईची आणि कॅलिफोर्नियाची संघटना एक होऊन कोरियन राष्ट्रीय संघ झाला. १० फेब्रुवारीला पत्र ‘सिन्हान मिन्बो’ या नव्या नावाने निघू लागलं. पुढच्या वर्षी २९ ऑगस्टला कोरिया जपानने गिळला. आता या माणसांना देश नव्हता, वकिलात नव्हती, आणि अमेरिकेचं नागरिकत्व आशियाई माणसाला कायद्यानेच नाकारलेलं होतं. मग नोंद कोण ठेवणार? कोण आला, कोण वारला, कोणी संघाचं देणं भरलं, कोणाचं थकलं, कुठल्या बागेत काम आहे, कुठल्या खाणावळीत खाट मिळेल, ते वृत्तपत्रात छापून येई. देणगीदारांच्या याद्या नावानिशी येत. संघ हे त्यांचं सरकार आणि ‘सिन्हान मिन्बो’ हे त्या सरकारचं राजपत्र.

हे सरकार नुसतं कागदावरचं नव्हतं, हे १९१३ च्या जूनमध्ये दिसलं. रिव्हरसाइडहून काही कोरियन मजूर हेमेट गावी जर्दाळू तोडायला गेले. तिथल्या गोऱ्या जमावाने त्यांना जपानी समजून स्टेशनवरूनच हाकलून दिलं. जपानच्या वकिलातीने ताबडतोब भरपाईची बोलणी सुरू केली, आपले प्रजाजन म्हणून. वरकरणी ही मदतच होती. संघाचे अध्यक्ष ई दे-वी यांनी ती झिडकारली आणि परराष्ट्रमंत्री विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांना तार केली: आम्ही जपानचे प्रजाजन नाही, आमच्या वतीने बोलायचा जपानला अधिकार नाही. ब्रायन यांनी ते मान्य केलं आणि यापुढे कोरियनांच्या बाबतीत त्यांच्या संघाशीच बोलायचं, अशी भूमिका घेतली. आपल्या नावाने कोणी पैसे मागायचे आणि कोणी नाही, एवढ्याच मुद्द्यावर हा झगडा झाला. बागेत मजुरी करणाऱ्या माणसांनी भरपाईवर पाणी सोडलं, पण परक्या वकिलातीचा पदर धरला नाही.

हे ई दे-वी पाद्री होते आणि त्यांच्याबद्दल थोडं सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. कोरियन लिपीची मूळ अक्षरं मोजकी आहेत, पण ती एकामागोमाग एक ओळीत बसत नाहीत. दोन-तीन-चार अक्षरं मिळून एक चौकोन होतो. खिळे जुळवणाऱ्याला प्रत्येक चौकोनासाठी वेगळा खिळा लागतो, म्हणजे हजारोंनी खिळे आणि भिंतभर कप्पे. देवनागरीच्या जोडाक्षरांनी आणि काना-मात्रांनी आपल्या छापखान्यांना जे छळलं, त्याच जातीचं हे दुखणं. ई यांनी यंत्रावर कोरियन मजकूर जुळवण्याची रचना शोधून काढली आणि १९१५ पासून ‘सिन्हान मिन्बो’ यंत्राने जुळवला जाऊ लागला. देवनागरीचा लायनोटाइप पुढे १९३०च्या दशकात हरि गोविल यांनी न्यूयॉर्कमध्ये बसूनच तयार केला. मायदेशी सरकारी खातं आणि भांडवल असूनही जे लवकर जमत नाही, ते परमुलखातला गरजू माणूस करून जातो, याची ही दोन उदाहरणं झाली.

सॅन फ्रान्सिस्कोतच १ नोव्हेंबर १९१३ ला ‘गदर’चा पहिला उर्दू अंक निघाला. गदर चळवळीत वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे होते, ज्यांना १९१५ च्या नोव्हेंबरमध्ये लाहोरला फाशी झाली. ‘गदर’सुद्धा लाकडाच्या गिरण्यांत आणि शेतांवर राबणाऱ्या, मुख्यतः पंजाबी मजुरांच्या डॉलरांवर चालला. दोन्ही पत्रं गुलाम देशांची, दोन्हीमागे मायदेशी धनी म्हणावा असा कोणीच नाही. म्हणूनच ती इतकी निर्भय राहू शकली, असं मला वाटतं.

धनी आला की काय होतं ते हवाईत दिसलं. तिथलं ‘कुंगमिन्बो’ पाक योंग-मान चालवत होते. ते आधी ‘सिन्हान मिन्बो’चे संपादक होते आणि लष्करी तयारीवर त्यांचा भर होता. त्यांनीच ज्यांना हवाईत बोलावलं ते सिंगमन री यांना मुत्सद्देगिरी आणि शिक्षण हवं होतं. मतभेदाला हरकत नव्हती, पण १९१५ मध्ये भांडण संघाच्या तिजोरीवर आलं. री यांच्या गटाने संघ ताब्यात घेतला आणि वृत्तपत्रही. पुढची कित्येक वर्षं हवाईतल्या उसाच्या मळ्यांत चर्च वेगळी, शाळा वेगळ्या, छापील कागदही वेगळे. हेच री १९४८ मध्ये दक्षिण कोरियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले आणि १९५९ मध्ये त्यांच्या सरकारने सोलमधलं ‘क्योंगह्यांग सिन्मुन’ बंद केलं. पुढच्याच वर्षी त्यांनाच देश सोडावा लागला. ते गेले पुन्हा होनोलुलूलाच.

१९६५ च्या कायद्याने अमेरिकेची दारं आशियाई लोकांना उघडली आणि चित्र बदललं. १९७० मध्ये अमेरिकेत सुमारे ७० हजार कोरियन होते, १९९० मध्ये सुमारे ८ लाख. एवढं गिऱ्हाईक दिसल्यावर सोलमधल्या बड्या दैनिकांनी आपलं जाळं तिकडे पसरलं. ‘हांगुक इल्बो’ने १९६९ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये आवृत्ती काढली, ‘जुंगआंग इल्बो’ १९७४ मध्ये गेलं. पानं भरपूर, सोलच्या बातम्या ताज्या आणि सोबत स्थानिक पुरवणी. ‘सिन्हान मिन्बो’सारखं चार पैशांचं पत्र त्यांच्यापुढे कुठे टिकणार? वाचकाच्या दृष्टीने ही सोय होती, मी ती नाकारत नाही. मजूर म्हणून आलेल्यांच्या जागी आता दुकानदार, नर्स, इंजिनियर आले होते आणि त्यांना रोजचं दैनिक हवं होतं.

पण मालक सोलला, आणि सोलला १९७२ पासून राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांची ‘युशिन’ नावाची हुकूमशाही राज्यघटना. तिथे सरकारविरुद्ध छापणं म्हणजे तुरुंग. मुख्य कचेरीच्या गळ्याला हात लागलेला असताना परदेशातली शाखा मोकळेपणी श्वास घेईल, हे शक्य नव्हतं. जी पत्रं शाखा नव्हती त्यांना वेगळा उपाय होता. अमेरिकन काँग्रेसमध्ये डोनाल्ड फ्रेझर यांच्या उपसमितीने १९७० च्या दशकात कोरियन गुप्तचर खात्याच्या अमेरिकेतल्या कारवायांची चौकशी केली. टीका करणाऱ्या कोरियन पत्रांच्या जाहिरातदारांना कसं गाठलं जातं, हे तिच्यापुढे आलं. त्या पत्रांत ‘सिन्हान मिन्बो’ होतं. यात छापखान्यावर धाड घालावी लागत नाही. किराणा दुकानदाराला, ट्रॅव्हल एजंटला फोन जातो. त्याचा माल सोलहून यायचा असतो, त्याच्या पासपोर्टवर वकिलातीचाच शिक्का लागतो, त्याचे आईवडील तिकडेच असतात. तो पुढच्या आठवड्यात जाहिरात देत नाही, बस्स. जपान्यांना टपालातून गठ्ठे वेचून काढावे लागले होते, इथे तेवढीही तसदी नाही.

आता समोरच्या बाजूचं ऐकू. पहिला आक्षेप अमेरिकेतला आणि जुना: अशा भाषिक पत्रांमुळेच हे लोक समाजात मिसळत नाहीत, तेव्हा सरकारी पैशाने त्यांना पोसायचं कशाला? पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, हाच संशय कायद्यात उतरला. परभाषिक पत्रांना सरकार आणि युद्धाबद्दलच्या मजकुराचं इंग्रजी भाषांतर पोस्टमास्तरकडे जमा करावं लागे. यावर माझं उत्तर साधं आहे. कोरियन माणसाला अमेरिकन नागरिक व्हायची कायदेशीर मुभा मिळाली १९५२ मध्ये. त्याआधीची पन्नास वर्षं भिंत कोणी बांधली होती? दुसऱ्या महायुद्धात तर कागदोपत्री जपानी प्रजाजन म्हणून या जपानद्वेष्ट्या माणसांची गणती शत्रूराष्ट्राच्या लोकांत झाली, आणि आपण कोरियन आहोत असे बिल्ले छातीवर लावून त्यांना फिरावं लागलं. मिसळायला निघालेल्याची ही अवस्था.

तरी या आक्षेपात एक खरा काटा आहे आणि तो १९९२ मध्ये रुतला. आदल्या वर्षी मार्चमध्ये लटाशा हार्लिन्स या पंधरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीला एका कोरियन दुकानदार बाईने गोळी घातली आणि न्यायाधीशांनी त्या बाईला तुरुंगवास दिला नाही. २९ एप्रिल १९९२ ला रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करणारे पोलीस सुटले आणि लॉस एंजेलिस पेटलं. कोरियनांची दोन हजारांवर दुकानं लुटली गेली किंवा जळाली. पोलीस कोरियाटाउनकडे फिरकले नाहीत. रेडिओ कोरियावरून लोक एकमेकांना ठिकाणं सांगत होते, मदत मागत होते. कोरियन दैनिकं आपल्या लोकांना सगळं सांगत होती, पण बाकीच्या शहराला त्यांतलं काहीच वाचता येत नव्हतं. शहराने कोरियन माणूस पाहिला तो दुकानाच्या छपरावर बंदूक घेऊन उभा असलेला, टीव्हीच्या पडद्यावर.

हे होणार हे के. डब्ल्यू. ली या पत्रकाराला आधीपासून दिसत होतं. इंग्रजी वृत्तपत्रांत हयात घालवलेला हा माणूस. चोल सू ली नावाच्या कोरियन तरुणाला चायनाटाउनमधल्या खुनात चुकीने शिक्षा झाली होती. त्यावर के. डब्ल्यू. ली यांनी ‘सॅक्रमेंटो युनियन’मध्ये लिहिलेल्या लेखमालेने खटला पुन्हा उभा राहिला आणि १९८३ मध्ये तो तरुण बाहेर आला. त्यांनी १९७९ मध्ये इंग्रजीतून ‘कोरियाटाउन वीकली’ काढलं, १९९० मध्ये ‘कोरिया टाइम्स’ची इंग्रजी आवृत्ती हाती घेतली. कृष्णवर्णीय विरुद्ध कोरियन अशी झुंज लावून देणाऱ्या बड्या वाहिन्यांवर त्यांनी कडक लिहिलं. ती आवृत्ती फार काळ टिकली नाही. इंग्रजी वाचणाऱ्या कोरियनाला जाहिरातदार मिळत नव्हता आणि सोलच्या मालकाला तिच्यात रस असायचं कारण नव्हतं. म्हणजे शेजाऱ्याशी बोलणारं पान आधी बंद पडतं, कारण मायदेशाला त्याचा उपयोग नसतो. हा दोष भाषेवर ढकलू नये.

शेजाऱ्याशी बोलणं ज्या शहराच्या फायद्याचं, त्या शहराने खर्चात वाटा उचलावा, हे म्हणूनच मला रास्त वाटतं. अमेरिकेत याची दोन रूपं आधीच आहेत. मतदान हक्क कायद्यात १९७५ मध्ये घातलेल्या तरतुदीनुसार, एखाद्या काउंटीत विशिष्ट भाषिक अल्पसंख्याकांची संख्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की मतपत्रिका आणि निवडणुकीच्या सूचना त्या भाषेतही द्याव्या लागतात. लॉस एंजेलिस काउंटीत कोरियन त्यांत आहे. दुसरं न्यूयॉर्कचं: तिथल्या महापौरांनी २०१९ मध्ये आदेश काढला की शहराच्या खात्यांनी आपल्या छापील आणि डिजिटल जाहिरातींच्या खर्चातला किमान निम्मा भाग स्थानिक आणि वांशिक समूहांच्या माध्यमांवर करावा. लशीची सूचना, भाडेकरूंचे हक्क, शाळाप्रवेश, हे ज्याला कळायला हवं त्याच्या भाषेत त्याच्या पत्रात छापणं याला अनुदान म्हणणं चूक आहे. शहर आपलंच काम करून घेतंय आणि त्याची किंमत देतंय.

इथे मराठी वाचक हसेल, आणि त्याला हक्क आहे. शासकीय जाहिरातींवर जगणारी जिल्हा दैनिकं आपण रोज पाहतो. जाहिरात यादीतून नाव गळेल या धास्तीने पालकमंत्र्याचा वाढदिवस पहिल्या पानावर कसा येतो, हे कोणी शिकवायला नको. नगरपालिकेची जाहिरातही लगाम होऊ शकते, हे मान्य. पण लगामांत फरक असतो. स्थानिक सरकार जाहिरात अडवू लागलं तर वाचक तिथल्या कोर्टात जाऊ शकतो, मत देऊन ते सरकार पाडू शकतो. मायदेशाच्या वकिलातीविरुद्ध त्याच्याकडे काय आहे? त्या देशात त्याला मत नाही, आणि नातेवाईक मात्र तिथेच अडकलेले. म्हणून वाटा ठरावीक टक्क्यांनी असावा, नियमाने असावा, आणि कोणाला किती मिळालं ते दरवर्षी जाहीर व्हावं.

अमेरिका, कॅनडा, आखात, ब्रिटन इथल्या मराठी मंडळांचे अंक, वार्तापत्रं, दिवाळी अंक आहेत. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं वृत्त आहे, ‘एकता’ आहे. ही वर्गणी आणि स्वयंसेवकांच्या घामावर चालतात, आणि महाराष्ट्र सरकारने त्यांना भरघोस मदत करावी ही मागणी अधूनमधून उठते. माझा तिला विरोध आहे. ज्याच्या पैशाने अंक निघेल त्याच्या मंत्र्याची मुलाखत अंकात येईल, आणि अवघड प्रश्न विचारला जाणार नाही. धाक आजही नाही असं नाही. ओसीआय कार्डधारकाला, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला, भारतात पत्रकारितेचं काम करायचं तर खास परवानगी लागते, हे २०२१ च्या अधिसूचनेने स्पष्ट केलेलं आहे. न्यू जर्सीतला मराठी संपादक हे विसरून लिहील, अशी अपेक्षा करू नये. त्यात आणखी मुंबईच्या अनुदानाची दोरी त्याच्या गळ्यात घालायची कशाला? त्यापेक्षा एडिसनच्या किंवा मिसिसागाच्या नगरपालिकेकडे त्याने निवडणुकीच्या आणि आरोग्याच्या जाहिराती मागाव्यात, आणि त्या बदल्यात तिथल्या शाळा मंडळाच्या सभेची बातमी द्यावी. मुंबईच्या राजकारणावर चार पानं आणि गावच्या शाळा मंडळावर चार ओळी, हे प्रमाण आधी उलटायला हवं.

राहता राहिली जुन्या अंकांची गोष्ट. कोरियन राष्ट्रीय संघाची लॉस एंजेलिसच्या जेफर्सन बुलेव्हार्डवरची इमारत १९३८ ची. २००३ मध्ये तिची डागडुजी चालू असताना माळ्यावर जुन्या कागदपत्रांचे गठ्ठे सापडले. ते कुठे ठेवायचे यावर तिथल्या कोरियन संस्थांत वर्षानुवर्षं भांडण चाललं आणि अखेर २०१९ मध्ये ते जतनासाठी कोरियातल्या स्वातंत्र्य संग्रहालयाकडे रवाना झाले. तिथे त्यांची निगा उत्तम राहील, शंका नाही. पण तिथे ते स्वातंत्र्यलढ्याचे कागद म्हणून राहतील. रिव्हरसाइडच्या संत्र्यांच्या बागेत कोणाला किती मजुरी मिळाली, कोणत्या खाणावळीचे पैसे थकले, हेमेटच्या स्टेशनवर काय झालं, हे कॅलिफोर्नियाच्या इतिहासाचे कागद आहेत, आणि ते शोधणारा विद्यार्थी बहुधा लॉस एंजेलिसच्या एखाद्या कॉलेजात असेल. मूळ कागद तिथल्या विद्यापीठाने ठेवायला हवे होते आणि संगणकीय प्रती कोरियाला जायला हव्या होत्या. परदेशातल्या मराठी मंडळांनी आपापल्या कार्यकर्त्यांच्या तळघरांत पडलेले चाळीस-पन्नास वर्षांचे अंक पुण्याला पाठवायच्या आधी आपल्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात विचारून पाहावं.